उजवा डोळा वहिनीचा

आधी चेहरा नीट पाहून घ्यावा

पार्लर म्हणजे मुळात दोन इमारतींमधला बोळ होता. लोक तिथं सायकली लावायचे आणि कुत्री सायकलींवर पाय वर करायची. वहिनीनं वर छप्पर टाकलं, दोन्ही टोकांना दारं बसवली आणि बंद पडलेल्या एका दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आणून मधोमध आडवी ठोकली. खुर्ची अशी दांडगी, की पाठ या भिंतीला टेकलेली आणि पायांची फळी त्या भिंतीला. खोलीचे आपोआप दोन तुकडे पडले. घराकडच्या तुकड्यात वहिनी, रस्त्याकडच्या तुकड्यात तिची नणंद. एकीला दुसरीकडे जायचं तर गिऱ्हाईक ओलांडावं लागे, आणि गिऱ्हाइकं ते मनाला लावून घेत.

म्हणून चेहऱ्याची वाटणी झाली. उजवी बाजू वहिनीची, डावी नणंदेची. भुवई एकेक, गाल एकेक, डोळा एकेक. ओठ मधोमध तोडलेले. नाक सामाईक, जिला सवड असेल तिनं त्यावर पावडर मारायची. सख्खे भाऊ वाटणीपायी एकमेकांची डोकी फोडतात. इथं दर तासाला नव्या बाईचं तोंड वाटलं जाई आणि कुणाची कधी कुरकुर नव्हती.

दवाखान्याच्या खुर्चीत बसलं की बायका सवयीनं आ करायच्या. त्यांना आधी तोंड मिटायला सांगावं लागे. मग दोघी कामाला लागत, आणि तोंडं उघडत ती या दोघींची.

*डावीकडून:* वहिनी, तुझी भुवई जरा वर गेली.

*उजवीकडून:* माझी जागेवर आहे. तुझी घसरली.

*खुर्चीतून:* अहो, माझी आहे ना भुवई?

*डावीकडून:* हलू नका हो.

*उजवीकडून:* तुमचीच आहे काकू, पण सध्या आमच्याकडे आहे.

अशी बरीच वर्षं गेली. डोळ्याला डोळा असा जुळायचा की आरशानंही गोंधळावं. कारण साधं होतं: एकीचा ब्रश चालला की दुसरीचा त्याच्याकडे बघून चालायचा. भांडण झालं तर दोन्ही डोळे रागीट व्हायचे, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, आज काय खास केलंय यांनी.

मग पाया लावावा, म्हणजे वरचं टिकतं

पानगळ सुरू झाली. झाडांनी अंगावरचं उतरवायचं आणि बायकांनी डोळ्यांवर चढवायचं, असा तो मोसम. एका संध्याकाळी नणंद खुर्चीच्या पलीकडून म्हणाली, "वहिनी, मला तुझे डोळे हवेत."

"किडनी माग. डोळे कामाचे आहेत माझे."

"एका सकाळपुरते."

मग तिनं सांगितलं. चौकातल्या मोठ्या दुकानात, तळमजल्यावर, जिथं सगळं चकाकतं आणि कशाचीच किंमत दिसत नाही, तिथं मेकअपच्या काउंटरवर एक जागा निघाली होती. नणंदेनं अर्ज टाकला होता. परीक्षा होती. स्वतःचं मॉडेल आणायचं आणि सगळ्यांसमोर पानगळीचे स्मोकी, म्हणजे धुरकट डोळे करून दाखवायचे. नाट्यमय, असं त्यांनी कळवलं होतं. साधे चालणार नाहीत.

वहिनी कात्र्या पुसत होती. ती पुसतच राहिली.

"माझेच का?"

"तुझ्या पापण्या केवढ्या आहेत बघ. धुराला जागा लागते गं. बाकीच्यांच्या पापण्या म्हणजे खिडकीची फट, तुझी म्हणजे दुकानाचं शटर."

"वा वन्सं, वा. जाताजाता शटर म्हणून घ्या आम्हाला."

वहिनी 'वन्सं' म्हणाली की समजावं, आत काहीतरी करपलंय. एरवी ती नणंदेला 'ए चिमटे' म्हणायची.

"जाताजाता कुठं? अजून मिळाली का जागा?"

आता वहिनीचं गणित ऐका, ते सोपं होतं. नणंद गेली की डावी बाजू गेली. अर्ध्या चेहऱ्याचं पार्लर गावात चालत नाही. नवीन बाई ठेवायची तर ती पगार मागणार, सुट्टी मागणार, आणि वर तिला टोमणे मारायची चोरी. हे झालं दुकानाचं. दुसरंही एक होतं, पण त्याचं गणित होत नव्हतं. दिवसभर माणूस समोर असतं, पाहुण्या चेहऱ्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. मग ते नसतं. मग बोलायचं कुणाशी, खुर्चीशी?

"बरं," वहिनी म्हणाली. "घे डोळे."

तोंडानं हे म्हटलं आणि मनानं दुसरं. मन म्हणालं, ऐन वेळी एकदा शिंकलीस तरी भागेल.

सराव करावा, पण डोळे उघडे ठेवून

कृती अशी. पापणीच्या घडीत आधी गंज. खरा नव्हे, त्या रंगाची आयशॅडो. त्यावर तांब्याचा रंग, बोटानं, दाबून. घासला की सांडतो. बाहेरच्या कोपऱ्यात पिकल्या जांभळाचा काळपटपणा, आणि तिथून सगळा धूर कानशिलाकडे ओढायचा. ओढायचा म्हणजे पळवायचा नाही. सासूबाई लग्नघरातून निघतात तसा निघायला हवा: निघतेय निघतेय म्हणत, मागं रेंगाळत, कुठं संपला ते कळू न देता. शेवटी पापणीच्या मुळाशी काजळ, आणि ते लगेच चोळून बिघडवायचं. नीटनेटकं काजळ शाळेत जाणाऱ्या पोरींना. नाटक करायचं तर बिघडवता आलं पाहिजे.

रोज दुकान बंद झालं की वहिनी खुर्चीत बसायची आणि नणंद आपल्या जागेवरून सुरू करायची. गंज, तांबं, जांभूळ, धूर. तासभर. डावा डोळा असा व्हायचा की वहिनीला स्वतःच्याच डाव्या बाजूची भीती वाटावी.

मग वहिनी हातात छोटा आरसा घ्यायची आणि उजवा डोळा स्वतः करायची.

दोघी मागं सरून बघायच्या.

"झकास," नणंद म्हणायची.

"डावा किंचित गडद."

"नाही, तुझा फिका."

"बरं, करते गडद."

असं आठवडाभर चाललं. रोज दोन्ही डोळे एकास एक. एकदा तर वहिनीच्या नवऱ्यानं आत डोकावून विचारलं, "कोण मेलं?" दोघींना तो फार मोठा मान वाटला.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. ज्यांनी अर्धा जन्म अर्धा चेहरा केला, त्यांना अर्धं पुरं वाटतं. चेहऱ्याची उजवी बाजू आपोआप होते, पहाट होते तशी, असा नणंदेचा समज होता. आणि आपण हात लावला नाही तर ती होणार नाही, हे वहिनीच्या मनातही आलं नाही. शिंकायचं कधी, याचाच ती विचार करत बसली होती.

आता उजेडात या

मोठ्या दुकानाबाहेर एक झाडूवाली खरी पानं गोळा करून पोत्यात कोंबत होती. काचेच्या आत कागदाची पानं दोऱ्यांना टांगली होती आणि त्यांच्यावर पंखा सोडला होता, गळल्यासारखी हलावीत म्हणून.

तळमजल्यावर उजेड असा, की माणसाचं काही झाकून राहू नये. उंच, फिरत्या स्टुलांची रांग. पहिल्या स्टुलावर एक दाढीवाला आपल्या बायकोला रंगवत होता; तीही परीक्षेलाच आली असल्यासारखी श्वास धरून बसली होती. परीक्षा घेणारी बाई काळ्या कपड्यांत, केस मागं चापून बसवलेले, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही आणि हसण्याची सोयही नाही. नणंदेनं तिला मनात 'इस्त्री' म्हटलं आणि वहिनीच्या कानात सांगितलं. वहिनीला हसू आलं. मग आपल्याला हसायचं नाही हे आठवून तिनं ते गिळलं.

"नियम ऐका," इस्त्री म्हणाली. "मॉडेलनं बोलायचं नाही. ब्रशला, चेहऱ्याला हात लावायचा नाही. मॉडेल म्हणजे भिंत. करा सुरू."

डोळे मिटावेत

अंधार.

पापणीवर मऊ, चपटा ब्रश. पाया. थंड.

(आता शिंकायचं का? नको. एवढ्यात पुसून पुन्हा करेल.)

घडीत गोल ब्रश, खिडकीची काच पुसावी तसा, पुढं-मागं. गंज. छान. हात हलका आहे मेलीचा. हे मीच शिकवलं. नाही, मी नाही शिकवलं, माझं बघून शिकली. त्यात काय फरक? आहे फरक. शिकवलेलं परत मागता येतं.

बोट. तांबं. बोटाला घाम आलाय.

शेजारी दाढीवाल्याचा आवाज: "वर बघ. वर. छताकडं बघ गं, त्या दोघींकडं काय बघतेस!"

जांभूळ. कोपऱ्यात. आणि धूर निघाला, कानशिलाकडे, रेंगाळत. असा कधी निघाला नव्हता. सरावातही नाही. वहिनीला न बघता कळलं. पापणीला कळतं.

(आता शिंक. आता.)

शिंक आली नाही. आणावी लागते, आणि ती आणायला वहिनी विसरली. पापणीवर इतकं सुंदर काही चालू असताना नाक आपलं काम करत नाही.

काजळ. चोळलं. झालं.

मग काहीच नाही.

बराच वेळ काहीच नाही. मग हाताच्या बोटांना काहीतरी लागलं. लाकडी दांडा. ब्रश. नणंद सवयीनं तिच्या हातात ब्रश देत होती, आणि वहिनीच्या मुठीनं सवयीनं तो घेतलाही.

"मॉडेलनं हात लावायचा नाही," इस्त्रीचा आवाज.

वहिनीनं डोळे उघडले. नणंदेचे डोळे समोरच होते, आणि त्यांत सगळा आठवडा उतरत होता: खुर्ची, छोटा आरसा, "झकास". दोघींना एकाच क्षणी कळलं. दोघींनी ते एकमेकींच्या तोंडावर वाचलं. नणंदेनं ब्रश परत घेतला.

"उजवा कधी करणार?" इस्त्रीनं विचारलं. "की तो डोळा सुट्टीवर आहे?"

दाढीवाल्याची बायको हसली. भिंतीनं हसू नये, असं दाढीवाला तिला म्हणाला.

पुन्हा मिटावेत

नणंद दुसऱ्या बाजूला आली. तिचं कोपर वहिनीच्या नाकावर आदळलं. सॉरी, ती पुटपुटली. पाया लागला, कसाबसा. गंज घडीत बसेना, घडीच्या वर भुवईत चढला. तांबं सांडलं. मग जांभूळ. आणि वहिनीला कळलं, आता काय होणार.

नणंदेच्या हातानं जन्मभर एकच दिशा पाहिली होती. तिच्या उजव्या हाताला. डाव्या डोळ्यावर ती दिशा कानशिलाकडे जाते. उजव्या डोळ्यावर ती जाते नाकाकडे.

धूर नाकाकडे निघाला.

ब्रश थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा नाकाकडेच. हाताला सांगितलेलं ऐकू येत नव्हतं. वरून गरम, तुटका श्वास येत होता, आणि खूप हळू आवाजात, ओठही न हलवता:

"वहिनी, जमत नाहीये गं."

झालं की.

वहिनीला काहीही करायचं नव्हतं. शिंकायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. मॉडेल म्हणजे भिंत. नियमच तसा होता, आणि वहिनी नियम पाळणारी बाई. नुसतं बसून राहिलं की नणंद उद्या आपल्या बाजूला उभी असेल. थोडे दिवस रडकी, मग नेहमीसारखी आगाऊ. कुणी वहिनीला बोल लावला नसता. नणंदेनंही नाही. उलट म्हणाली असती, बिचारी तासभर बसली माझ्यासाठी.

बसून राहायचं. बस्स. वहिनी बसून राहिली.

आणि मग तिला तो डोळा दिसला. बंद पापणीच्या आतून, जसा काही समोरच्या गिऱ्हाइकाचा असावा तसा. बाजूला एवढा देखणा डोळा आणि त्याच्या शेजारी हे खरकटं. तिच्या बाजूचा डोळा. उजवा. तिच्या बाजूचा डोळा असा कधी दुकानाबाहेर पडला नव्हता.

"छे," वहिनी म्हणाली. मनात म्हणायचं होतं, तोंडातून गेलं.

"मॉडेलनं बोलायचं नाही," इस्त्री म्हणाली.

वहिनी पुढं काही बोलली नाही. ब्रशला हात लावला नाही, चेहऱ्याला लावला नाही. तिनं स्टुलाला पायानं एक हिसका दिला. स्टूल गर्रकन फिरलं आणि नणंद तिच्या पाठीशी आली. मग वहिनीनं मान मागं टाकली, धाडकन, नणंदेच्या पोटावर. वर छताचे दिवे, आणि दिव्यांच्या मधोमध नणंदेचं उलटं, घाबरलेलं तोंड.

नणंद बघत राहिली. खाली चेहरा उलटा पडला होता. हनुवटी पलीकडे, कपाळ अलीकडे. उजवा डोळा तिच्या उजव्या हाताला, आणि त्याचं कानशील आणखी उजवीकडे.

"अगं बाई," नणंद म्हणाली.

आणि हात सुटला.

पुसू नये. वाढवावं

नाकाकडे गेलेला धूर होताच. पुसला असता तर राखाडी डाग राहिला असता. ते दोघींना माहीत होतं. नणंदेनं पुसला नाही. उजवीकडचा कानशिलाकडे नीट ओढला, मग डावा डोळाही तिनं नाकाकडे वाढवला, चुकीला जोडीदार म्हणून. दोन्ही धूर नाकाच्या दांड्यावर भेटले. तिथं तिनं बोटानं तांबं दाबलं. नाक सामाईकच होतं. आज तिला सवड होती.

वहिनी सरळ झाली. आरशात एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत एक काळसर, गंजलेला, तांबूस पट्टा होता आणि त्यातून दोन डोळे बाहेर बघत होते. पानांचा ढीग पेटवून कुणीतरी पळून गेलं असावं आणि ते हिनं पाहिलं असावं, असे. वहिनीनं स्वतःला ओळखलं, पण ओळख दाखवायची हिंमत झाली नाही.

इस्त्रीनं हनुवटीला धरून चेहरा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. डोळे बारीक केले.

"उजवा डोळा फसला होता तुमचा."

"हो," नणंद म्हणाली.

"दोन डोळे करता येत नाहीत तुम्हाला?"

"एकच येत होता. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, दुसरा आला."

"आणि हे मधलं?"

"ते चुकून झालं. मग म्हटलं, चूक एकटी बरी दिसत नाही."

इस्त्रीच्या चेहऱ्यावर हसण्याची सोय नव्हती, तरी कुठंतरी, कानामागं वगैरे, काहीतरी हललं. "इथं बायका काउंटरवर शिंकतात, रडतात, फोन आला म्हणून निम्म्यात उठतात," ती म्हणाली. "रोज काहीतरी फसतं. बाकीचे पुसत बसतात." तिनं दाढीवाल्याकडे पाहिलं. तो पुसत होता. "उद्या सकाळी या. काळे कपडे घालून. आणि यांना," वहिनीकडे बोट करून, "घरी ठेवा. भिंत म्हणून या बाई बाद आहेत."

थोडं वाळू द्यावं

बसथांब्यावर दोघी उभ्या होत्या. वाऱ्यानं पानं पायांत येत होती. लोक वहिनीकडे बघत आणि जरा अंतर ठेवून उभे राहत. गर्दीत एवढी ऐसपैस जागा तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

"का टाकलीस मान?" नणंदेनं विचारलं.

"अवघडली होती."

"वहिनी."

"बसून बघ तू तासभर त्या स्टुलावर."

"तू नुसती गप्प बसली असतीस तर मी..."

"गप्पच बसले होते. मान टाकली, त्याला बोलणं म्हणतात का?"

नणंदेनं नाक ओढलं. "रविवारी येत जाईन मी."

"काही नको. रविवारी मी डावे डोळे शिकणार आहे. तुझ्या भावावर. तेवढाच उपयोग होईल त्याचा."

नणंद हसली, आणि हसताना तिचं तोंड वाकडं झालं, आणि वहिनी घाईघाईनं समोरच्या होर्डिंगकडे बघू लागली. पाणी आलं तर हा सगळा पट्टा हनुवटीपर्यंत उतरला असता, आणि एवढ्या मेहनतीचं काम ती कुणाच्याही जाण्यापायी बिघडवणार नव्हती.

तेवढ्यात रांगेतली एक बाई धीर करून जवळ आली. लाल स्कार्फ, हातात पिशव्या. "माफ करा हं," ती म्हणाली, "पण हे डोळे कुठं करून मिळतात?"

वहिनीच्या जिभेवर पत्ता तयार होता. वर्षानुवर्षं एकच पत्ता: चप्पलवाल्याच्या शेजारचा बोळ, दातांची खुर्ची आहे बघा, तिथं. तो ओठांपर्यंत आला. तिनं नणंदेकडे पाहिलं. नणंद पायाखालची पानं मोजत असल्यासारखी खाली बघत होती. ती वहिनीच्या मध्ये बोलणार नव्हती, हे नक्की.

"चौकातल्या मोठ्या दुकानात," वहिनी म्हणाली. "तळमजल्यावर. हीच करते. उद्यापासून आहे तिथं."

"दोन्ही डोळे?" बाईनं का कोण जाणे विचारलं.

"दोन्ही. आणि मधलंसुद्धा."

बाईची बस आली. ती आभार मानत चढली, खिडकीतूनही बघत राहिली.

"वहिनी," नणंद म्हणाली, "अगं, गिऱ्हाईक दिलंस मला?"

"अर्धं दिलं."

"अर्धं कसलं?"

"तिचा वरचा ओठ पाहिलास? एवढी भरघोस मिशी. तुझ्या त्या चकचकीत दुकानात मिशा काढतात?"

"नाही."

"मग," वहिनी म्हणाली आणि धुरातून तिच्याकडे बघितलं. "डोळे तू घे. मिशा माझ्या."